पाचवा नंबर, मॉन्ट्रियल

२८ जून २०२३, नॅशव्हिल. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची पाचव्या क्रमांकाची पाळी आली, तेव्हा मात्वेई मिचकोव हा रशियन मुलगा अजून शिल्लक होता. गोल करण्याची इतकी जन्मजात हातोटी त्या वर्षी कॉनर बेडार्ड सोडला तर कुणाकडे नाही, असं वर्षभर लिहिलं जात होतं. मॉन्ट्रियलने नाव घेतलं डेव्हिड राइनबाखरचं. ऑस्ट्रियाचा बचावपटू, स्वित्झर्लंडच्या क्लोटन क्लबकडून ४६ सामन्यांत २२ गुण. त्याच रात्री या अठरा वर्षांच्या मुलाच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांवर शिव्यांचा भडिमार सुरू झाला. शिव्या देणारे बहुतेक मॉन्ट्रियलचेच चाहते, म्हणजे ज्या संघाचा तो आता झाला होता त्याच संघाचे.

बरोबर एक वर्षाने, २८ जून २०२४, लास व्हेगासचं स्फिअर. पुन्हा मॉन्ट्रियल, पुन्हा पाचवा क्रमांक. या वेळी गायिका सेलीन डिऑनने माइकवर नाव वाचलं, इव्हान डेमिडोव. हाही रशियनच आणि हाही गोल करणारा. शिकागो, अनाहाइम आणि कोलंबस यांनी दुसऱ्यांनाच घेतल्यामुळे तो अलगद पाचव्यापर्यंत घरंगळत आला होता. तेच चाहते आनंदाने वेडे झाले.

दोन्ही रात्री त्या मुलांनी कॅनेडियन्सचा लाल स्वेटर फक्त अंगावर चढवला होता. त्या स्वेटरमध्ये बर्फावर एक पाऊलही टाकलं नव्हतं. मग चाहते नेमकं कशावर चिडतात आणि कशावर नाचतात? माझं म्हणणं असं, की ड्राफ्टच्या रात्रीची प्रतिक्रिया मुलावर नसतेच. ती असते खिशातल्या यादीवर आणि डोक्यातल्या जुन्या जखमांवर. यादी कुठून आली आणि जखम कुठली, हे कळलं की त्या आरडाओरड्यातला खरा मुद्दा वेगळा काढता येतो. कारण खरा मुद्दा त्यात असतोच. चाहते मूर्ख नसतात, घाईत असतात.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची, म्हणून थोडक्यात: ही बर्फावरची हॉकी, गोल आणि गोलला लावलेला हात म्हणजे असिस्ट मिळून होतात ते ‘गुण’, आणि लीगमध्ये संघ ३२. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्याला ड्राफ्ट समजायला एकच फरक पुरतो. लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये रांग बोलते. कुणी बोली लावत नाही. पाळी आली की एक नाव घ्यायचं आणि त्या मुलाशी करार करण्याचा हक्क तुमचा. अशा सात फेऱ्या. मागच्या मोसमात खालच्या तळात राहिलेल्यांना आधी पाळी, पण सगळ्यात शेवटच्या संघाला पहिला क्रमांक आपोआप मिळत नाही. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून सोडत निघते. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्स याच सोडतीत दहाव्यावरून थेट पहिल्यावर उडी मारून गेले. वयाची अट १५ सप्टेंबरवर टांगलेली आहे: त्या तारखेपर्यंत अठरा पूर्ण झालेला मुलगा त्या वर्षी पात्र, १६ सप्टेंबरला झालेला पुढच्या वर्षी. त्यामुळे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. राइनबाखर ऑक्टोबर २००४ चा, बेडार्ड जुलै २००५ चा, आणि दोघे एकाच तुकडीतले. सतराव्या वर्षी नऊ महिन्यांत अंगात बराच फरक पडतो. आकडे बघण्याआधी जन्मतारीख बघावी ती यासाठी.

आता यादीकडे. चाहत्याच्या खिशातली यादी एक नसते, तीन-चार प्रकारच्या याद्या एकमेकींत कालवलेल्या असतात. पहिली लीगची स्वतःची, सेंट्रल स्काउटिंगची. जानेवारीत मध्यावधी, एप्रिलच्या सुमारास अंतिम. पण त्या मुळात चार वेगवेगळ्या याद्या: उत्तर अमेरिकेतले खेळाडू, युरोपातले खेळाडू, आणि दोन्हीकडचे गोलकीपर वेगळे. ‘युरोपात सहावा’ म्हणजे एकूण सहावा नव्हे, तो एकूण विसावाही असू शकतो. दरवर्षी जूनमध्ये निम्मी भांडणं एवढ्यावरूनच होतात. २०२२ मध्ये शेन राइट उत्तर अमेरिकेच्या यादीत पहिला होता आणि युराय स्लाफकोव्स्की युरोपच्या यादीत पहिला. म्हणजे दोघेही ‘पहिले’, आणि दोघांचेही भक्त कागद दाखवायला मोकळे.

दुसऱ्या प्रकारात पत्रकारांच्या आणि अभ्यासकांच्या याद्या येतात, आणि त्यांच्यातही दोन जाती. एक, लिहिणाऱ्याला स्वतःला कोण आवडला. दुसरी, संघांच्या स्काउट मंडळींना विचारून केलेली. टीएसएन या कॅनडातल्या क्रीडावाहिनीचे बॉब मॅकेन्झी वर्षानुवर्षं दहा स्काउटांना विचारून क्रम लावतात. पहिली जात सांगते की मुलगा पुढे कसा खेळेल असं लिहिणाऱ्याला वाटतं. दुसरी सांगते की तो कितव्या क्रमांकाला जाईल. एखादी निवड ‘रीच’ झाली, म्हणजे मुलाला गरजेपेक्षा फार वर घेतलं, असं म्हणायचं तर दुसऱ्या जातीच्या यादीवर म्हणावं. राइनबाखर बऱ्याच याद्यांत पहिल्या दहात होता. पाचवा हा त्याच्यासाठी वरचा भाव असेल, पण हवेतून आणलेला मुळीच नव्हता. ज्यांच्या यादीत तो विसावा होता ती पहिल्या जातीची यादी, एका माणसाची आवड.

तिसरी यादी चाहत्यांना कधीच दिसत नाही. ती संघाची. तिच्यात मुलाखती असतात, वैद्यकीय अहवाल असतात, गुडघ्याचा एमआरआय असतो, मुलगा कुठल्या क्लबशी कधीपर्यंत बांधलेला आहे ते असतं. ड्राफ्टच्या आधी बफेलोत कम्बाइन नावाचा प्रकार होतो. तिथे सायकलवरची तीस सेकंदांची जीव काढणारी विंगेट चाचणी, प्राणवायू किती खेचता येतो ते, लांब उडी, पुलअप्स, पकडीची ताकद असं सगळं मोजतात. मोजत नाहीत ते फक्त स्केटिंग, कारण कम्बाइनमध्ये बर्फच नसतो. तिथल्या आकड्यांवरून कुणी ‘हा लीगमध्ये टिकणार नाही’ म्हणायला लागला तर पुढे वाचू नये. संघ तिथे जातात ते मुख्यतः मुलाखतींसाठी आणि डॉक्टरांसाठी.

मिचकोवच्या बाबतीत ही तिसरी यादीच निर्णायक ठरली असणार. सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए क्लबशी त्याचा करार २०२६ पर्यंतचा. एनएचएल आणि रशियाची केएचएल यांच्यात खेळाडू सोडवून आणण्याचा कुठलाही करार नाही, म्हणजे पैसे मोजूनही मुलगा आणता येत नाही. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियन संघांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर काढलं होतं, त्यामुळे त्याला बरोबरीच्या मुलांविरुद्ध प्रत्यक्ष बघण्याच्या संधी जवळजवळ संपल्या होत्या. एवढं सगळं असूनही फिलाडेल्फियाने सातव्याला त्याला उचललं. आणि मग ज्याचा हिशेब कुणाच्याच यादीत नव्हता ते घडलं. दोन वर्षं आधीच, २०२४ च्या उन्हाळ्यात, क्लबने त्याला मोकळं केलं. पहिल्याच मोसमात ८० सामन्यांत २६ गोल, ६३ गुण. त्या हिवाळ्यात मॉन्ट्रियलच्या चाहत्यांनी हा आकडा एकमेकांना किती वेळा पाठवला असेल, देव जाणे.

पण २०२३ च्या त्या शिव्या मिचकोवच्या ६३ गुणांसाठी नव्हत्या, ते गुण तेव्हा व्हायचे होते. त्या शिव्या होत्या १९८० साठी आणि २०१८ साठी.

१९८० चा ड्राफ्ट मॉन्ट्रियलमध्येच, फोरम या संघाच्या तेव्हाच्या घरच्या प्रेक्षागारात झाला होता. पहिला क्रमांक कॅनेडियन्सकडे. समोर डेनिस सावार्ड, फ्रेंच बोलणारा, मॉन्ट्रियल ज्युनियर्सकडून खेळणारा, गावातलाच. संघाने घेतला डग विकेनहायझर. धिप्पाड आणि शिस्तीचा सेंटर (मधल्या जागेचा आक्रमक), त्या काळच्या मोजमापाने अगदी योग्य निवड. सावार्ड तिसऱ्या क्रमांकाने शिकागोला गेला आणि तिथून हॉल ऑफ फेममध्ये. विकेनहायझर बरा खेळाडू निघाला, पण ‘सावार्डऐवजी घेतलेला’ हे बिरूद त्याला आयुष्यभर पुसता आलं नाही. १९९० मध्ये मॉन्ट्रियलने ख्रिस चेलिओससारखा बचावपटू देऊन सावार्डला परत आणलं, आणि १९९३ चा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा तो संघात होता. तो मॉन्ट्रियलचा चोविसावा कप. पंचविसावा अजून यायचा आहे, आणि त्यानंतर कॅनडातल्या एकाही संघाने कप जिंकलेला नाही. हॉकी बघायला लागलेल्या पोराला तिथे हे इतिहासाच्या धड्याआधी समजतं.

२०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकाला येस्पेरी कोटकानिएमी. संघाला सेंटर हवा होता, तो सेंटर होता, म्हणून घेतला. चौथ्याला ब्रेडी कचक ओटावाला गेला, सातव्याला क्विन ह्यूज व्हँकुव्हरला. कोटकानिएमी अठराव्या वर्षी थेट मोठ्या संघात आला, पहिल्या मोसमात ७९ सामन्यांत ३४ गुण केले आणि चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग वाढ खुंटली. २०२१ मध्ये कॅरोलिनाने त्याच्यापुढे वर्षाला एकसष्ट लाख डॉलरचा प्रस्ताव ठेवला, मॉन्ट्रियलने तेवढे पैसे द्यायचं नाकारलं, मुलगा गेला. गरजेपोटी जागा भरायला घेतलेला मुलगा आणि हातचे निसटलेले दोन तारे, हे गणित चाहत्यांच्या मनात पक्कं बसलं. राइनबाखर हाही ‘गरजेपोटी’च घेतला असं दिसल्यावर पाच वर्षं साठवलेलं सगळं त्याच्यावर रिकामं झालं.

मात्र चाहत्यांची स्मृती सोयीची असते. याच संघाने याच पाचव्या क्रमांकाला २००५ मध्ये केरी प्राइस नावाचा गोलकीपर घेतला, तेव्हाही भुवया उंचावल्या होत्या. जोजे थिओडोर, २००२ चा हार्ट ट्रॉफी (लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू) विजेता, संघात असताना आणखी एक गोलकीपर कशाला? थिओडोर वर्षभरातच कोलोराडोला गेला. प्राइसने २०१५ मध्ये हार्ट आणि सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना, दोन्ही जिंकल्या, आणि मॉन्ट्रियलच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारा गोलकीपर म्हणून त्याचं नाव लागलं. या निवडीवर तेव्हा काय काय बोललं गेलं होतं, हे आता कुणी काढत नाही.

यादीचा आणि आकड्यांचा सगळ्यात चांगला धडा मात्र २०२२ चा आहे. ७ जुलै, बेल सेंटर, घरचंच प्रेक्षागार. पहिला क्रमांक मॉन्ट्रियलचा. शेन राइटला पंधराव्या वर्षापासून त्या वर्षीचा पहिला म्हणून मोजलं जात होतं. मॅनेजर केंट ह्यूज यांनी नाव घेतलं स्लाफकोव्स्की. स्लोव्हाकियाचा पहिलाच मुलगा जो पहिला निवडला गेला, आणि लगेच दुसऱ्या क्रमांकावर न्यू जर्सीने घेतलेला शिमोन नेमेत्सही स्लोव्हाकच. राइट चौथ्यापर्यंत घसरला, सिअॅटलने घेतला.

कागदावर हे वेडेपण होतं. राइटचे किंग्स्टनकडून ओएचएल या कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये ६३ सामन्यांत ९४ गुण, म्हणजे सामन्याला जवळजवळ दीड. स्लाफकोव्स्कीचे फिनलंडच्या लीगमध्ये टीपीएस क्लबकडून ३१ सामन्यांत १०, म्हणजे सामन्याला एक तृतीयांश. दोन वेगळ्या लीग अशा सरळ तोलता येत नाहीत, म्हणून अभ्यासकांनी एक गुणक काढला आहे. एका लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्यांचे गुण किती घटले, त्याची सरासरी. नेमके आकडे प्रत्येकाचे वेगळे, पण ढोबळ मानाने ओएचएलसाठी ०.३ आणि फिनलंडसाठी ०.४५ धरा. राइट: १.४९ गुणिले ०.३ गुणिले ८२ सामने, साधारण ३७ गुण. स्लाफकोव्स्की: ०.३२ गुणिले ०.४५ गुणिले ८२, साधारण १२. तिप्पट फरक.

हे गणित कुठे फसतं ते बघण्यासारखं आहे. गुणकाला सामना कळतो, मिनिटं कळत नाहीत. ओएचएल ही सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची लीग, तिथे राइट पहिल्या ओळीत, म्हणजे तीन आक्रमकांच्या मुख्य त्रिकुटात, पॉवर प्लेवर, म्हणजे विरोधी संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, आणि सगळ्यात जास्त वेळ बर्फावर. फिनलंडमध्ये तीस वर्षांच्या, मुलंबाळं असलेल्या माणसांविरुद्ध सतरा वर्षांचा मुलगा खालच्या ओळींत, तुटपुंजी मिनिटं घेऊन खेळतो. म्हणून प्रौढांच्या लीगमधल्या मुलाचे गुण सामन्यामागे बघू नयेत. लीगच्या संकेतस्थळावर बर्फावरचा वेळ असतो, तो घेऊन दर साठ मिनिटांमागे काढावेत, आणि पॉवर प्लेचे वेगळे ठेवावेत. उलट बाजूचे चाहतेही तितकेच घसरले. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये स्लाफकोव्स्कीचे ७ सामन्यांत ७ गोल, स्लोव्हाकियाला कांस्य, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. पण सात सामने म्हणजे काहीच नाही, आणि त्या ऑलिम्पिकला एनएचएलचे खेळाडू आलेच नव्हते. संघाने बघितलं ते यापैकी एकही नसावं. १९३ सेंटिमीटरचा मुलगा कोपऱ्यात दोन माणसं पाठीवर घेऊन पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सोडत नाही, हे बघितलं असावं. ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला नियमांचा भाग फारसा सांगितला जात नाही. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत एएचएलमध्ये, म्हणजे संघाच्या दुय्यम तुकडीत, पाठवता येत नसे. एक तर मोठ्या संघात ठेवा, नाही तर ज्युनियरला परत. (ही अट आता थोडी सैल होते आहे.) युरोपातून निवडलेल्याला ही आडकाठी नाही. म्हणजे स्लाफकोव्स्कीला लावालला, म्हणजे मॉन्ट्रियलच्या एएचएल तुकडीत, पाठवायची मुभा होती आणि मॉन्ट्रियलने पाठवलं नाही. राइटला पाठवायची मुभा नव्हती आणि सिअॅटलला पाठवायचं होतं. सिअॅटलने त्याला सलग सामने बाकावर बसवून ‘कंडिशनिंग’च्या, म्हणजे खेळाची लय परत मिळवण्याच्या, सवलतीतून दोन आठवडे एएचएलची हवा खाऊ घातली. परतल्या परतल्या ६ डिसेंबर २०२२ ला त्याने एनएचएलमधला पहिला गोल केला, तोही मॉन्ट्रियलविरुद्ध. त्या रात्री मॉन्ट्रियलच्या चाहत्यांचे चेहरे बघण्यासारखे असणार. एनएचएलमधल्या एकूण आठच सामन्यांनंतर त्याला पुन्हा ज्युनियरला जावं लागलं. स्लाफकोव्स्की ३९ सामन्यांत १० गुण करून जानेवारीत गुडघा दुखावून बसला. ‘बस्ट’, म्हणजे फसलेली निवड, हा शब्द तेव्हा अगदी स्वस्त झाला होता.

दुसऱ्या मोसमात तोच मुलगा निक सुझुकी आणि कोल कॉफिल्ड यांच्या ओळीत बसला. ८२ सामने, २० गोल, ५० गुण. १ जुलै २०२४ ला त्याने वर्षाला ७६ लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार केला. राइटनेही २०२४-२५ मध्ये ४४ गुण केले. ज्यांनी जुलै २०२२ मध्ये दोघांपैकी एकाला निकाली काढलं होतं त्यांची आता दोन्हीकडून पंचाईत आहे.

आता पुन्हा राइनबाखर, कारण तो बचावपटू आहे आणि बचावपटू बघायला चाहत्यांना कुणी शिकवत नाही. संघाला तो का हवा होता? उजव्या हाताने स्टिक धरून मारणारे बचावपटू कमी. बहुसंख्य खेळाडू डाव्या बाजूने स्टिक मारणारे, त्यांना इथे डावखुरे म्हणू. बर्फाच्या उजव्या बाजूला डावखुरा बचावपटू उभा केला तर काय होतं ते एकदा नीट बघा. विरोधी संघ पक मागच्या कडेने फळ्यांवरून फिरवून टाकतो, आणि तो त्याच्या बॅकहँडवर येतो. बॅकहँडने पक थांबवायला अर्धा क्षण जास्त, मान वळवून मध्ये बघायला आणखी अर्धा क्षण, तोपर्यंत समोरचा अंगावर आलेला. पास घाईत काचेवर आदळतो आणि पक पुन्हा त्यांच्याकडे. उजव्या हाताचा माणूस तोच पक फोरहँडवर घेतो, छाती मैदानाकडे ठेवून.

असा मुलगा बघायचा तर त्याच्या गोलांची चित्रफीत बघू नये. एक पूर्ण सामना घ्यावा आणि फक्त त्याच्याकडे बघावं, पकाकडे नाही. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरण्याची एक पाळी, चाळीस ते पन्नास सेकंदांची, सामन्यात वीस-पंचवीस शिफ्ट. चार गोष्टी मोजाव्यात. आपल्या कोपऱ्यातला पक आणायला जाताना पकाला हात लागण्याआधी तो किती वेळा खांद्यावरून मागे बघतो: एकदाही नाही तर गडबड आहे, दोनदा असेल तर उत्तम. मग त्याचा पहिला पास साथीदाराच्या स्टिकवर जातो की नुसता दूर भिरकावला जातो. विरोधी खेळाडू निळ्या रेषेवर, म्हणजे आपल्या हद्दीच्या तोंडाशी, येतो तेव्हा दोघांत अंतर किती, एका स्टिकएवढं की तीन. आणि शिफ्टच्या शेवटी दमल्यावर हेच सगळं टिकतं का. गोल-असिस्टच्या रकान्यात यातलं काहीच उतरत नाही. म्हणून बचावपटूवरचा चाहत्यांचा राग नेहमी जास्त टिकतो: त्याचं चांगलं काम दिसत नाही आणि वाईट काम गोल होऊन दिसतं.

राइनबाखरच्या वाट्याला पुढे आलं तेही बरं नव्हतं. त्याला आणखी एक वर्ष क्लोटनला ठेवलं आणि तो संघ त्या मोसमात तळाकडे घसरला. बुडत्या संघात तरुण बचावपटू रोज फक्त आग विझवतो, पक घेऊन वर जायला शिकत नाही. सप्टेंबर २०२४ च्या सराव सामन्यात टोरांटोविरुद्ध गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि फेब्रुवारी उजाडला तेव्हा तो लावालसाठी पुन्हा उतरला. २०२५ च्या उन्हाळ्यात तोलायला बसलं तर मिचकोवचं पारडं सरळ जड होतं, हे मान्य करायला हवं. चाहत्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. पत्ता मात्र चुकला होता. निवड संघाने केली, शिव्या मुलाला.

डेमिडोवच्या बाबतीत संघाने आणि चाहत्यांनी एकाच दिशेने बघितलं, आणि वाट बघण्याची सवयही लागलेली होती. तो निवडीनंतर एक मोसम एसकेएमध्येच राहिला. सुरुवातीला त्याला बाकावर बसवत, एखाद्या सामन्यात मोजून दोन-तीन मिनिटं देत, आणि मॉन्ट्रियलमध्ये लोक सकाळी उठून त्याची मिनिटं मोजत. तरीही ६५ सामन्यांत ४९ गुण झाले, वीस वर्षांखालच्या खेळाडूसाठी केएचएलमधला विक्रम. १४ एप्रिल २०२५ ला शिकागोविरुद्ध तो पहिल्यांदा बेल सेंटरवर उतरला, आणि पहिल्याच सत्रात एक गोल आणि एक असिस्ट.

नव्या मुलाचं नाव पुकारल्यावर पुढे कधी काय बघायचं, हेही सांगून टाकतो. जुलैच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलजवळच्या ब्रोसार्डला डेव्हलपमेंट कॅम्प. तिथे सामना नसतो, कसरती असतात. पोरगं वळताना आतल्या कडेवर किती झुकतं एवढंच बघावं, गोल मोजू नयेत. सप्टेंबरात नवख्यांचे सामने, मग मुख्य कॅम्प. ऑक्टोबरात मोठ्या संघात ठेवलाच तर नऊ सामन्यांवर लक्ष ठेवावं: अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा दहावा सामना खेळला नाही तर त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचं वर्ष खर्ची पडत नाही, पुढे ढकललं जातं. नवव्या सामन्यानंतर मुलगा परत पाठवला तर तो नापास झाला असं नव्हे, हिशेब झाला. २६ डिसेंबरपासून वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा. ती मजा म्हणून बघावी, सात सामन्यांची भूल पडू देऊ नये. करार न केलेल्या मुलावरचा संघाचा हक्क किती दिवस टिकतो, तेही तो कुठून आला यावर ठरत आलं आहे. कॅनडाच्या ज्युनियरमधला असेल तर दोन वर्षांनी १ जूनला हक्क संपायचा, अमेरिकी विद्यापीठातला असेल तर शिक्षण होईपर्यंत. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या नव्या सामूहिक करारात या मुदती बदलल्या आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या ज्युनियरमधली मुलं अमेरिकी विद्यापीठांत खेळू शकतात, म्हणून मुदत बघताना निवडीचं वर्ष आधी बघावं. गोलकीपर असेल तर हे सगळं वेळापत्रक दोन-तीन वर्षं पुढे सरकवा.

आणि दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद करू नये. २०२२ मध्ये सगळं शहर राइट की स्लाफकोव्स्की यावर भांडत असताना, दुसऱ्या फेरीत ६२ व्या क्रमांकाला याच संघाने लेन हटसन घेतला. बचावपटू आणि उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. आपली हाडं अजून वाढताहेत असं डॉक्टरचं पत्र तो संघांना दाखवत फिरला होता. बोस्टन विद्यापीठात पहिल्या वर्षी ३९ सामन्यांत ४८ गुण. २०२४-२५ मध्ये मॉन्ट्रियलकडून ८२ सामन्यांत ६६, त्यात ६० असिस्ट, नवख्या बचावपटूच्या असिस्टच्या विक्रमाशी बरोबरी, आणि सर्वोत्तम नवख्याची काल्डर ट्रॉफी. त्याच्या निवडीवर कुणी टेबल आपटलं नव्हतं, कारण ६२ व्या क्रमांकापर्यंत बहुतेकांची यादी संपलेली असते.

हटसनला मोठ्या संघात मोकळीक देणारा प्रशिक्षक मार्टिन सँ-लुई. उंची याचीही तेवढीच, आणि याचं नाव तर कुठल्याच ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. व्हरमाँट विद्यापीठात खेळून झाल्यावर १९९८ मध्ये कॅलगरीने उचलला, तिथून टँपा बे, हार्ट ट्रॉफी, गुणांत दोनदा लीगमध्ये पहिला, २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम. अलीकडचं आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर ब्रिटिश कोलंबियातल्या सरीचा अर्शदीप बैन्स. ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला हा पंजाबी घरातला मुलगा २०२१-२२ मध्ये ११२ गुणांसह डब्ल्यूएचएल या पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये पहिला आला, आणि व्हँकुव्हरने त्याच्याशी थेट करार केला. सातवी फेरी संपल्यावर उरलेल्या नावांतून संघ जुलैच्या कॅम्पसाठी काहींना बोलावणं पाठवतात. ती नावं दोन-तीन दिवसांत संघाच्या संकेतस्थळावर लागतात, आणि त्यांच्यावर भांडायला अजून कुणी आलेलं नसतं.